चाळकेवाडी ते डोर्ले: पाली-सरड्यांच्या नावांचा माग

मृग लागायच्या आधीचा आठवडा सह्याद्रीतल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जाती ओळखून त्यांना नावं देण्याच्या कामासाठी फार मोलाचा. पठारांवर सरड्यांचे नर अजून गळ्याचे पंखे फुलवून उभे असतात, पाली अजून कोरड्या दगडांखाली दिवस काढतात, आणि आंबोलीला वळवाच्या सरींनी साप बाहेर पडायला सुरुवात झालेली असते. पंधरा दिवस आधी गेलं तर आंबोली सुकी, पंधरा दिवस उशीर झाला तर चाळकेवाडीवर धुक्यात चार पावलांपुढचं दिसत नाही. म्हणून चौघांचा हा सात दिवसांचा दौरा नेमका या आठवड्यात बसवला. सातारची पठारं, मग आंबोली, मग कोकणचा सडा आणि शेवटी पुण्यात टेबलावरचं काम, असा क्रम.

दिवस पहिला: पुणे ते ठोसेघर

गाडी निघण्याआधी कागद तपासायचे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 12 खाली संशोधनासाठी परवाना लागतो, आणि तो राज्याचे मुख्य वन्यजीव संरक्षक देतात. कोण जाणार, कुठल्या जिल्ह्यांत, कुठल्या मुदतीत, कुठल्या प्रजातीचे किती नमुने, हे सगळं त्यात नावानिशी लिहिलेलं असतं. अर्ज निदान सहा महिने आधी करावा. मूळ प्रत प्लास्टिकच्या पाकिटात, तीन झेरॉक्स गाडीत, आणि त्या त्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना दोन दिवस आधी पत्र. खासगी जमिनीवर दगड उलटायचा तर मालकाला विचारायचं, ते वेगळंच.

नव्या माणसाचा घोळ इथेच होतो. ज्या जातीला अजून नावच नाही, तिचं अर्जात काय लिहायचं? अंदाजाने जवळचं नाव लिहिलं की पुढे शोधनिबंधातलं नाव आणि परवान्यातलं नाव जुळत नाही. त्यापेक्षा जीनस (जवळच्या जातींच्या गटाचं सामायिक नाव) लिहावा, म्हणजे 'हेमिडॅक्टिलस जीनसमधल्या जमिनीवर राहणाऱ्या पाली, प्रत्येक ठिकाणी जास्तीत जास्त इतक्या', आणि आकडा लहान ठेवावा. नमुने कशासाठी हवेत हे दोन वाक्यांत सांगता येत नसेल, तर ते नकोच आहेत असं समजावं.

सामानात माणशी दोन हेडलॅम्प, कारण एक बंद पडतोच. दुहेरी शिवणीच्या कापडी पिशव्या तीस, लहान पालींसाठी झिपलॉक पिशव्या पन्नास. डिजिटल व्हर्निअर कॅलिपर, दहापट भिंग, ताणकाटा, जीपीएस, तापमापक, फोटोतले रंग जुळवायला राखाडी कार्ड, आणि मोजपट्टी. दोन मिलिलिटरच्या नळ्यांत तीन चतुर्थांश भरलेलं शुद्ध इथेनॉल. लेबलांसाठी जाड, चिंध्यांपासून केलेला कागद आणि साधी पेन्सिल. बॉलपेन अजिबात नको: नळी जरा गळली की इथेनॉलने शाई पुसली जाते आणि हातात उरतो एक बेनाव तुकडा. कुठल्या दगडाखालचा ते माहीत नसलेला नमुना वर्गीकरणाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी, आणि त्यासाठी एक जीव गेलेला असतो. म्हणून पेन्सिलीचं एवढं सांगणं.

साताऱ्याहून ठोसेघरला चढताना अंधार पडला. मुक्कामावर वह्या आखून झोपलो.

दिवस दुसरा: चाळकेवाडी

पठार समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर. वाळलेलं गवत, मधूनमधून उघडा जांभा, आणि नजर जाईल तिथे पवनचक्क्या. सात वाजता उन्हं कलती असतात, सरडे दगडांवर चढून अंग तापवत असतात. साडेनऊनंतर जमीन इतकी तापते की ते सावलीला जातात. म्हणजे हाताशी अडीच तास.

इथला मानकरी सराडा सुपर्बा. 2016 पर्यंत गळ्याखाली पंखा असलेले हे सगळे सरडे 'सिताना' या एका जीनसमध्ये आणि बहुतांशी एकाच नावाखाली मोडत होते. मग द्वीपकल्पभरच्या नमुन्यांची मापं आणि डीएनए शेजारी ठेवून पाहिल्यावर एक नवा जीनस आणि पाच नव्या प्रजाती वेगळ्या झाल्या. त्या जीनसचं नाव आपल्याच भाषेतल्या 'सरडा' या शब्दावरून ठेवलं. नराचा पंखा पोटाच्या मध्याच्याही मागे पोचतो आणि त्यात निळा, काळा, नारिंगी असे तीन रंग. भिंगातून नव्हे, दहा पावलांवरून पाहावा. नर दगडाच्या टोकावर मागचे पाय ताठ करून उभा राहतो, पंखा दोन-तीनदा फडकतो, मिटतो. मिटल्यावर तोच सरडा मातकट, आणि दगडात शोधूनही सापडत नाही.

पवनचक्क्यांचा इथे जो अभ्यास झाला, तो या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2018 साली तो प्रसिद्ध केला. पाती फिरतात तिथे शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी, आणि म्हणून सरड्यांची दाटी जास्त. वरवर पाहता सरड्यांचं भलं झालं. पण तेच सरडे ताणाचं संप्रेरक कमी दाखवतात, माणसाला जास्त जवळ येऊ देतात, आणि नरांचे रंग फिके असतात. नुसती मोजदाद केली असती तर यातलं अर्धंही कळलं नसतं.

माणूस किती जवळ आल्यावर सरडा पळतो, ते मोजणं सोपं दिसतं. चुकायला मात्र जागा फार. सरडा दिसला की थांबायचं, त्याच्याकडे सरळ रेषेत, एकाच चालीने जायचं. तो हलला त्या क्षणी आपल्या पायाशी एक खूण, त्याच्या जागेवर दुसरी, मधलं अंतर मोजपट्टीने. सुरुवात किती अंतरावरून केली तेही लिहायचं, कारण लांबून चालत आलेल्या माणसाला पाहून सरडा लवकर पळतो. नर की मादी, जमिनीचं तापमान, वेळ. एकाच सरड्यावर दुसऱ्यांदा चाल करायची नाही, तो आता शहाणा झालेला असतो. दुसरी चूक कपड्यांची: एकाने भडक शर्ट घातला आणि दुसऱ्याने मातकट, की दोघांचे आकडे एकत्र करता येत नाहीत.

पकडायचा तर तीन मीटरच्या गळाच्या काठीला टोकाशी मेणलावल्या दोऱ्याचा फास. फास डोक्यावरून मानेपर्यंत सरकवून वर उचलायचा, लगेच हातात घ्यायचा. लटकत ठेवला तर मानेला इजा होते.

रात्री आठनंतर त्याच पठारावर दुसरा संसार सुरू होतो. इथे हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस, 2008 साली वर्णन झालेली, जमिनीवर राहणारी बुटकी पाल. घरातल्या पालीसारखी ती भिंत चढत नाही, गवताच्या बुडख्यांत आणि सुट्या दगडांखाली असते. दगड उलटायची रीत अशी: आपल्या विरुद्ध बाजूची कड उचलायची, म्हणजे दगड आपल्या आणि प्राण्याच्या मध्ये राहतो. खाली फुरसं असलं तर ते पलीकडे निघतं. पाहून झालं की प्राणी आधी बाजूला घ्यायचा, दगड त्याच खोबणीत, त्याच बाजूने ठेवायचा, आणि मग प्राण्याला कडेशी सोडायचं. तो आपणहून आत शिरतो. पाल आत असताना दगड ठेवला तर ती चिरडते. आणि दगड खोबणीत नीट बसला नाही तर खालची ओल दोन दिवसांत उडून जाते, आणि ज्या फटीत पालीने घर केलं असतं ती फटच राहत नाही. अशा पठारावर योग्य जाडीचे, योग्य बसलेले सुटे दगड मोजकेच असतात. अभ्यासकांनी उलटे टाकलेले दगड आम्हाला प्रत्येक पठारावर दिसतात, आणि पाहून खरोखर वाईट वाटतं.

एका मादीच्या पोटाच्या पातळ कातडीतून दोन पांढरी अंडी दिसत होती. फोटो, जागेची नोंद, आणि सोडली. अंडी असलेली मादी घ्यायची नाही, मग परवान्यात आकडा शिल्लक असो वा नसो.

दिवस तिसरा: कास, आणि दुपारी खोलीवरचं काम

कासला लोक फुलांसाठी येतात. 2012 पासून हे पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत आहे. आम्हाला पठाराच्या कडेची झाडी हवी होती. तिथे नेमास्पिस गिरी, 2014 साली याच कासवरून वर्णन झालेली पाल. हिची बाहुली गोल, बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नाहीत, नुसती नखं. सकाळी झाडांच्या बुंध्यांवर आणि कातळाच्या भेगांत टॉर्च तिरका मारून शोधावी. सरळ प्रकाशात ती सालीत मिसळून जाते. तासाभरात तीन दिसल्या. पुरे.

दुपारचे चार तास खोलीवर. परवान्यातले नमुने घ्यायचेच असतील तर क्रम मोडायचा नाही. आधी जिवंतपणीचे फोटो, पाठ, पोट, डोक्याची बाजू, हातापायांचे तळवे. नंतर पिवळे आणि हिरवे रंग अल्कोहोलमध्ये उतरतात. हिरवा चापडा साप बरणीत निळा पडतो, आणि वर्णनात 'निळसर' लिहिणारे लोकही झालेले आहेत. मग प्राण्याला वेदनारहित मरण: आधी पीएच 7 ला आणलेलं 0.7 ते 1 टक्का एमएस-222 या भुलीच्या औषधाचं द्रावण पोटाच्या पोकळीत, आणि प्राणी पूर्ण निपचित झाल्यावर दुसरी, तीव्र मात्रा. संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची मान्यता या टप्प्यासाठी घेतलेली असली पाहिजे.

मग ऊती. यकृताचा किंवा मांडीच्या स्नायूचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा इथेनॉलमध्ये, तुकड्याच्या दहापट तरी द्रव, आणि चोवीस तासांनी इथेनॉल बदलायचं, कारण ऊतीतलं पाणी त्यात उतरून ते पातळ होतं. हे फॉर्मलिनच्या आधी. फॉर्मलिन लागलं की डीएनए प्रथिनांशी जखडला जातो आणि प्रयोगशाळेत तो वाचणं फार कठीण होतं.

फॉर्मलिन 10 टक्के: बाजारातल्या फॉर्मलिनचा एक भाग, पाणी नऊ भाग, आणि लिटरमागे 4 ग्रॅम मोनोसोडियम व 6.5 ग्रॅम डायसोडियम फॉस्फेट, म्हणजे आम्ल होऊन हाडांतला चुना विरघळत नाही. पोटात सुईने थोडं सोडायचं. नाहीतर बाहेरून कडक आणि आतून कुजलेला, फुगलेला नमुना हाती येतो. ट्रेमध्ये बोटं पसरून, तळवे दिसतील असे ठेवायचे. मूठ मिटून वाळली की बोटांखालच्या आडव्या पट्ट्या नंतर कुणालाच मोजता येत नाहीत. एक-दोन दिवसांनी पाण्यात धुऊन 70 टक्के इथेनॉलमध्ये. खिडक्या उघड्या, हातमोजे चढवलेले, आणि फॉर्मलिनची बाटली जेवणाच्या खोलीत नाही.

दिवस चौथा: सातारा ते आंबोली

दिवस रस्त्यात गेला. कोल्हापूर, आजरा, आणि घाटमाथ्यावर येता येता पहिली सर. जिवंत प्राणी असलेल्या पिशव्या गाडीत कधीही डॅशबोर्डवर ठेवू नयेत. काचेमागे दहा मिनिटांत पाल मरते. थर्माकोलच्या पेटीत, ओल्या नव्हे तर जेमतेम दमट फडक्याशेजारी.

रात्री रस्त्यावरची फेरी. पहिल्या पावसात खापरखवल्ये, म्हणजे मातीत राहणारे साप, जमिनीतून वर येतात आणि गाड्यांखाली जातात. यातल्या एकाचं नाव युरोपेल्टिस फिप्सोनाय. 1888 साली ठेवलेलं हे नाव बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फिप्सन यांचं. सोसायटी 1883 ची, म्हणजे तेव्हा अवघी पाच वर्षांची. चिरडलेला सापही नोंदवायचा: ठिकाण, वेळ, फोटो, आणि परवानगी असल्यास ऊती. मेलेल्या प्राण्यालाही कायदा लागू असतो, हे अनेकांना ठाऊक नसतं.

दिवस पाचवा: आंबोली

वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं गाव, आणि इथून वर्णन झालेल्या प्राण्यांची यादी लांबलचक. नेमास्पिस आंबोलीएन्सिस 2018 ची, हेमिडॅक्टिलस वरदगिरी 2019 ची, वाघासारख्या पट्ट्यांचा आंबोली टोड 2009 चा. एवढ्या उशिरा एवढं का सापडतं? जंगल नवं नाही. वरदगिरीसारख्या पालींच्या आधीच्या नमुन्यांवर 'ब्रूकची पाल' असं एकच लेबल लावून वर्षानुवर्षं चालवलं गेलं, हे एक मोठं कारण. वर्गीकरणाचं निम्मं काम संग्रहालयातल्या जुन्या बरण्या पुन्हा उघडण्याचं आहे.

रात्री ओढ्याकाठी मलबारी चापडा. एक हिरवा, एक तपकिरी, एक पिवळसर, तिघे एकाच जातीचे. रंगावरून जात ठरवू नये, हे सांगायला याहून चांगला धडा नाही. डोळा आणि नाकपुडी यांच्यामधला उष्णता ओळखणारा खळगा टॉर्चच्या प्रकाशात स्पष्ट दिसतो, दीड मीटरवरूनही. त्याहून जवळ जायचं कारण नाही.

आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषापासून बनतं, चापड्याच्या विषाचा त्यात समावेश नाही. म्हणून चापडा चावला तर उपचार लक्षणांवर चालतात. फुरसं मात्र कोकणात सगळीकडे. पायात घोट्याच्या वर जाणारे बूट, हात कधीही न दिसणाऱ्या फटीत नाही, जवळच्या ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष आहे का याची चौकशी आदल्या दिवशी फोनवर, आणि गाडीची किल्ली सगळ्यांना माहीत असलेल्या एकाच जागी. दंश झालाच तर चिरायचं नाही, आवळपट्टी बांधायची नाही, तो भाग स्थिर ठेवून निघायचं. 'सर्पमित्र' म्हणून हातात साप धरून फोटो काढायची सवय असलेल्यांना आम्ही दौऱ्यावर नेत नाही.

दिवस सहावा: रत्नागिरीचा सडा

घाट उतरून कोकणात. इथला सडा म्हणजे जांभ्याचं सपाट, काळंभोर छप्पर. मे अखेरीस त्यावर पाऊल ठेववत नाही आणि जुलैत तोच फुलांनी आणि डबक्यांनी भरतो. सातबाऱ्यावर हा बहुतेक 'पोटखराबा' म्हणून लागतो. त्या एका शब्दामुळे चिऱ्यांच्या खाणी, सुरुंग लावून केलेल्या आंबा-काजूच्या बागा आणि मोठे प्रकल्प सड्यावर सहज येतात. कातळशिल्पांमुळे आता लोक सड्याकडे थोडं निराळ्या नजरेने पाहायला लागलेत, आणि तो बदल पालींच्याही कामाचा आहे.

कारण इथेच डोर्लेची पाल. 1963 साली ग्रँडिसन आणि सोमण यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावातल्या नमुन्यांवरून ती 'टेराटोलेपिस अल्बोफॅसिएटस' म्हणून वर्णन केली. नावाचा अर्थ पांढऱ्या पट्ट्यांची. 2008 साली डीएनए पाहून ती हेमिडॅक्टिलसमध्ये गेली. आता नाव लिहिताना 'हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस (ग्रँडिसन आणि सोमण, 1963)' असं, लेखक कंसात. तो कंस शोभेचा नसतो: मूळ वर्णन दुसऱ्या जीनसमध्ये झालं होतं, एवढं तो सांगतो. साताराएन्सिसपुढे लेखक कंसाविना येतात, कारण तिचा जीनस बदललेला नाही. कंस चुकीचा टाकणारी प्रबंधिका वाचणाऱ्याला लगेच कळते.

सातारची ती पाल आणि ही पाल, दोन्ही आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत 'असुरक्षित'. दोघींचा वावर लहानशा पट्ट्यात, आणि पट्टा तुटत चाललेला.

पर्यावरणीय आघात मूल्यांकनात पोटापाण्याचं काम शोधणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. जलद मूल्यांकनात पावसाळा सोडून एका हंगामाची पाहणी चालते. सड्यावर जानेवारीत दुपारी फिरलं तर 'विशेष वन्यजीव आढळले नाहीत' असंच लिहावं लागेल, आणि ते खोटंही नसेल. पाल दगडाखाली आहे, बेडूक जमिनीत आहे, फुलं बियांत आहेत. रात्रीची निदान तीन पथं (ठरलेल्या रेषेवरून चालत केलेली पाहणी), प्रत्येकी ठरलेल्या वेळाची, किती दगड उलटले त्याचा आकडा, आणि पहिल्या पावसानंतरची एक फेरी, एवढं अहवालात नसेल तर तो अहवाल सड्यासाठी अपुरा आहे असं म्हणायची हिंमत ठेवावी.

आम्ही दीड तासात 140 दगड उलटले आणि 140 परत ठेवले. पालींचा आकडा वहीत आहे, नेमकं ठिकाण इथे देत नाही. कारण आहे: 1999 साली दक्षिण चीनमधली गोनियुरोसॉरस लुई ही पाल वर्णन झाली, आणि पाळण्यासाठी प्राणी विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी मूळ जागेवरून ती पार संपवली. तेव्हापासून विकली जाण्याजोग्या जातींचे नेमके अक्षांश-रेखांश छापील मजकुरात द्यायचे नाहीत, संग्रहालयात ठेवायचे, ही पद्धत पडत चालली आहे.

दिवस सातवा: पुण्यात, टेबलावर

प्रवास संपला तरी काम आता सुरू होतं, आणि पुढची दोन-तीन वर्षं चालतं. मोजणी एकाच माणसाने, तीनदा, 0.1 मिलिमीटरपर्यंत: नाकाच्या टोकापासून अवस्करापर्यंत (शेपटीच्या बुडाशी असलेल्या छिद्रापर्यंत) लांबी, डोक्याची लांबी-रुंदी, डोळ्याचा व्यास, पुढच्या हाताची आणि पोटरीची लांबी. दोघांनी मोजलेले आकडे एकत्र केले की त्या दोघांमधला फरकच नवी जात होऊन बसतो. इथेनॉलमध्ये नमुना आकसतो, म्हणून ताजी मापं आणि जुन्या बरण्यांतली मापं एका तक्त्यात टाकू नयेत. शेपूट तुटून पुन्हा आलेली असेल तर तिचे खवले वेगळे असतात. 'पुनर्जात' लिहून वगळायची.

मग खवले. ओठांचे वरचे-खालचे, चौथ्या बोटाखालच्या पट्ट्या, पाठीवरच्या गाठींच्या रांगा, आणि नरांच्या मांडीखालची छिद्रं. ही छिद्रं भिंगाखाली पाहावीत: प्रत्येक खवल्याच्या मध्ये मेणचट पिवळा ठिपका, डावीकडे काही, उजवीकडे काही, मध्ये छिद्रं नसलेले खवले. या मोकळ्या खवल्यांची संख्या अनेक हेमिडॅक्टिलस जातींत ओळखीची खूण ठरते. मादीत ती छिद्रं नसतात, त्यामुळे एकट्या मादीवरून जात ठरवायला बसू नये.

डीएनएसाठी पालींत एनडी2 हा माइटोकॉन्ड्रियल जनुक, हजारएक अक्षरांचा, चालतो. 'पाच टक्के फरक म्हणजे नवी जात' असा नियम कुठेही नाही. खवले, जनुक आणि वावर, तिन्ही एकाच बाजूला बोट दाखवत असतील तर पुढे जावं.

मग जुनी नावं. 1758 पासून आजवर या जीनससाठी वापरलेलं प्रत्येक नाव, त्याचा मूळ नमुना कुठे आहे हे पाहायचं: लंडन, कोलकाता, मुंबई. 1870 च्या सुमाराचं विसरलेलं नाव तुमच्याच पालीचं निघालं तर तुमचं नाव बाद, जुनं चालणार. होलोटाइप, म्हणजे नव्या नावाचा आधार ठरणारा नमुना, एकच, त्याचा संग्रहालय क्रमांक छापलेला, आणि 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार तो अधिकृत भांडारात जमा. केवळ ऑनलाइन प्रसिद्ध होणार असेल तर झूबँक या प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंद आधी, नाहीतर नाव ग्राह्य धरलं जात नाही.

या क्षेत्रात यायचं म्हणजे प्राणिशास्त्र किंवा जैवविविधतेची पदव्युत्तर पदवी, मग पीएचडी, आणि जागा थोड्या: प्राणी सर्वेक्षण संस्था, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, विद्यापीठं, काही संशोधन संस्था. पगाराआधी दोन-तीन वर्षं प्रकल्पांवर जातात. तोवर संख्याशास्त्र, जुनं इंग्रजी वर्णन वाचायची सवय आणि स्वच्छ अक्षर, ही तीन शस्त्रं धार लावून ठेवावीत. संरक्षणाच्या बाजूचं कामही यातूनच येतं. कायद्याच्या अनुसूचीत नावं असतात, प्राणी नसतात; एका नावाच्या दोन प्रजाती झाल्या की नव्या नावाला संरक्षण आहे की नाही हे कुणीतरी पत्र लिहून विचारावं लागतं, आणि ते पत्र वर्गीकरणवाल्यानेच लिहायचं असतं.

दौऱ्याच्या नोंदींची एक प्रत वन विभागाकडे गेली. दुसरी सड्यावरच्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे, लोक जैवविविधता नोंदवहीसाठी. त्यात डोर्लेच्या पालीपुढे अधिवास 'सडा, सुटे दगड', हंगाम 'मार्च ते जून, रात्री' असं भरलं. स्थानिक नावाचा रकाना रिकामा ठेवला आहे; तो गावातल्या जाणत्या माणसांनी भरायचा.